कादंबरीत न दिसणारी माणसे

कादंबरी वाचावी ती करमणुकीसाठी आणि कादंबरीची समीक्षा वाचावी ती परीक्षेसाठी, अशी एक समजूत सुशिक्षित समाजात दृढ होऊन बसली आहे. ती केवळ विद्यार्थ्यांची आहे असे नाही. अध्यापकांनीही ती पुष्कळ अंशी स्वीकारलेली असते. कथानक, स्वभावचित्रण, वातावरण, भाषाशैली अशा चार-पाच मथळ्यांखाली कादंबरीचे विच्छेदन केले, की समीक्षेचे कार्य आटोपले असे मानले जाते. या कादंबरीतील कुटुंब कोणत्या उत्पन्नावर जगते, त्याच्या घरातील चूल कोण पेटवते, त्याची शेते कोण नांगरते, आणि ही माणसे कादंबरीत बोलताना का दिसत नाहीत, असे प्रश्न कोणी वर्गात विचारलेच, तर ते इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या तासाला विचारावेत, असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. हे प्रश्न साहित्याचेच आहेत, नव्हे कादंबरीच्या घडणीचे आहेत, हे ज्याने इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासात सर्वांत चिकाटीने दाखवून दिले, तो समीक्षक म्हणजे रेमंड विल्यम्स. २६ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर साहित्याच्या अभ्यासात समाजशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान, इतिहास या शास्त्रांची एवढी सरमिसळ झाली आहे, की तिचा उगम कोठे झाला याचा बहुतेकांना विसर पडला. तो उगम एखाद्या विद्वत्सभेत शोधण्यापेक्षा रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये आणि कामकरी लोकांच्या रात्रीच्या वर्गात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

विल्यम्स यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्स आणि इंग्लंड यांच्या सरहद्दीवरील पँडी या खेड्याच्या परिसरात झाला. एका बाजूस ब्लॅक माउंटन्स हे डोंगर, दुसऱ्या बाजूस इंग्लंडची सपाट शेतजमीन आणि मधून गेलेला लोहमार्ग, असा तो प्रदेश. वडील याच मार्गावर सिग्नलमन होते. गाव शेतकऱ्यांचे, पण तारयंत्राच्या तारेने आणि रुळांनी ते दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींशी जोडलेले होते. १९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी नऊ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला, तेव्हा पँडीच्या सिग्नल केबिनमधील या माणसानेही काम थांबविले. दूरच्या खाणीतील मजुराचा पगार कापला गेला, म्हणून डोंगराच्या कुशीतील खेड्यात एक माणूस आपली भाकरी धोक्यात घालतो, हा अनुभव पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाच्या मनावर कोरला गेला. खेडे म्हणजे जगापासून तुटलेले शांत बेट नव्हे, हे विल्यम्स यांना पुढे कोणा पंडिताकडून शिकावे लागले नाही.

घरी आणि गावात या मुलाला जिम म्हणत. शाळेच्या दप्तरात त्याचे नाव रेमंड होते. अ‍ॅबरगॅव्हनी येथील ग्रामर स्कूलमधून शिष्यवृत्ती मिळवून तो १९३९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. काही काळ तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. १९४१ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्याला सैन्यात जावे लागले आणि रणगाडाविरोधी तोफदलातील अधिकारी म्हणून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या रणभूमीवर त्याने प्रत्यक्ष युद्ध पाहिले. १९४५ च्या अखेरीस विल्यम्स केंब्रिजला परतले, तेव्हा भोवतालचे लोक जणू वेगळीच भाषा बोलत आहेत असे त्यांना वाटू लागले. शब्द तेच होते, त्यांचे अर्थ सरकले होते. विशेषतः ‘संस्कृती’ हा शब्द. कोणी तो चहापानाच्या रीतीसाठी वापरीत होते, कोणी कलांसाठी, तर कोणी एखाद्या समाजाच्या संपूर्ण जीवनपद्धतीसाठी. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ परस्परांशी भांडत का आहेत, या साध्या कुतूहलातून त्यांचे पुढील सारे लेखन उगवले.

पदवी मिळाल्यानंतर केंब्रिजमध्ये राहून संशोधन करण्याचा मार्ग खुला असताना त्यांनी तो सोडला. १९४६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बाह्यशिक्षण विभागात प्रौढांना शिकविण्याची नोकरी त्यांनी धरली आणि ती पंधरा वर्षे केली. ससेक्सच्या किनाऱ्यावरील लहान गावांत संध्याकाळी हे वर्ग भरत. कामगार शिक्षण संघटनेच्या सहकार्याने चालणाऱ्या या वर्गांना परीक्षा नसे, पदवीचे आमिष नसे. दिवसभराचे काम उरकून कारकून, शिक्षक, गृहिणी, कामगार येत ते केवळ शिकण्याच्या इच्छेने. असा विद्यार्थी गुरूसमोर मान तुकवून बसत नाही. पदवीच्या वर्गातील तरुणाला जो प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही, तो प्रश्न पन्नाशीचा कारकून सहज विचारतो : हे पुस्तक माझ्या आयुष्याला कोठे स्पर्श करते? या प्रश्नाचे उत्तर केवळ अलंकारशास्त्राच्या आधारे देता येत नाही. त्यासाठी ते पुस्तक लिहिले गेले तेव्हाची मजुरी, घरभाडे, मुद्रणाचा खर्च, वाचणाऱ्यांची संख्या यांच्याकडे वळावे लागते. ज्याला पुढे आंतरविद्याशाखीय अभ्यास असे भारदस्त नाव मिळाले, तो विल्यम्स यांच्यापुरता या वर्गांच्या निकडीतून जन्माला आला. सकाळी लिहावे आणि संध्याकाळी शिकवावे, असा त्यांचा क्रम होता.

या क्रमातून १९५८ साली ‘कल्चर अँड सोसायटी’ हा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. उद्योग, लोकशाही, वर्ग, कला आणि संस्कृती या पाच शब्दांचे अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कसे पालटले, याचा त्यांनी मागोवा घेतला. कादंबरीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील एक प्रकरण विशेष मोलाचे आहे. ‘मेरी बार्टन’, ‘हार्ड टाइम्स’, ‘सिबिल’, ‘फेलिक्स होल्ट’ यांसारख्या, कारखान्यांच्या युगातील दैन्य रंगविणाऱ्या कादंबऱ्यांचा त्यांनी तेथे एकत्र विचार केला. श्रीमती गॅस्केल यांच्या ‘मेरी बार्टन’चे उदाहरण घ्यावे. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला लेखिका मुळात जॉन बार्टन या कामगाराचे नाव देणार होती. हा जॉन बार्टन कामगारांच्या वतीने गिरणीमालकाच्या मुलाचा खून करतो. तेथून कादंबरीचा मोहरा बदलतो. बापाचे दुःख मागे पडते, मुलीची प्रेमकथा पुढे येते आणि अखेर नायक-नायिका कॅनडाला निघून जातात. विल्यम्स यांनी या वळणावर नेमके बोट ठेवले. लेखिकेची सहानुभूती खरी होती. परंतु कामगार संघटित होऊन उठला तर काय, ही भीतीही तितकीच खरी होती. ही भीती मध्यमवर्गाच्या सार्वत्रिक मनःस्थितीचा भाग होती. म्हणून कथानकाला मँचेस्टरमध्ये उत्तर सापडेना आणि त्याने सागरापारचा रस्ता धरला. कथानकातील दोष हा समाजातील पेचाचा ठसा असतो, हे इतक्या साधार रीतीने त्यापूर्वी क्वचितच कोणी सांगितले असेल.

अशा अनुभवाला त्यांनी जे नाव दिले, त्याचे मराठीत ‘भावनेची घडण’ असे भाषांतर करता येईल. प्रत्येक पिढीचे काही जाहीर विचार असतात. ते ग्रंथांत, कायद्यांत, प्रवचनांत सापडतात. परंतु त्या विचारांत अद्याप न सामावलेले, नुसते जाणवणारे असे बरेच काही त्या पिढीच्या जगण्यात असते. ते प्रथम प्रकट होते ते कलाकृतीत, बहुधा तिच्या स्वरात आणि रचनेत. म्हणून इतिहासकाराला कादंबरीची गरज असते आणि कादंबरीच्या वाचकाला इतिहासाची. एकाने दुसऱ्याला पुराव्याची पेटी म्हणून वापरावे, असा हा व्यवहार नव्हे. साहित्य म्हणजे आर्थिक वस्तुस्थितीचे आरशातील प्रतिबिंब, हा रूढ मार्क्सवादी सिद्धांतही त्यांना अपुरा वाटला आणि १९७७ च्या ‘मार्क्सिझम अँड लिटरेचर’ या ग्रंथात त्यांनी त्याची कसून फेरतपासणी केली.

१९६१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने, अर्जही न करता, त्यांना इंग्रजीचे अधिव्याख्याते नेमले. जीझस कॉलेजचे ते फेलो झाले आणि १९७४ ते १९८३ या काळात नाट्यविषयाचे प्राध्यापक होते. त्या वेळी तेथे एफ. आर. लीव्हिस यांचा दबदबा होता. १९४८ च्या ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ या ग्रंथात लीव्हिस यांनी इंग्रजी कादंबरीची थोर परंपरा जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, हेन्री जेम्स आणि कॉनरॅड यांच्यापुरती आखून दिली होती. ‘हार्ड टाइम्स’चा अपवाद सोडला तर डिकन्सला तीत स्थान नव्हते आणि हार्डी तर बाहेरच राहिला होता. बारकाईने वाचावे, शब्दाशब्दाचे वजन जोखावे, ही लीव्हिस यांची शिकवण विल्यम्स यांनी कधी टाकली नाही. परंतु ही परंपरा कोणी आखली आणि तिने कोणाला दाराबाहेर ठेवले, असा प्रश्न त्यांनी विचारला. केंब्रिजमधील व्याख्यानांतून तयार झालेले ‘द इंग्लिश नॉव्हेल फ्रॉम डिकन्स टू लॉरेन्स’ हे पुस्तक १९७० मध्ये निघाले. त्याचा आरंभच १८४७ आणि १८४८ मधील वीस महिन्यांपासून होतो. ‘डोम्बी अँड सन’, ‘वदरिंग हाइट्स’, ‘जेन एअर’, ‘व्हॅनिटी फेअर’, ‘मेरी बार्टन’ ही सारी नावे या अल्पशा कालखंडातली. हा योगायोग नव्हता. लोहमार्गांचे जाळे देशभर पसरत होते. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंडची नागर लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येहून अधिक भरली. शेजारी कोण आहे हे ज्या समाजात प्रत्येकाला ठाऊक असे, तो समाज मोडत होता. ज्याला पुरते ओळखता येईल असा समाज चितारणे, हा कादंबरीचा जुना धर्म. आता तो समाजच ओळखीपलीकडे गेला होता. डिकन्सच्या कादंबरीतील गर्दी, धावपळ, एकमेकांवर आदळणारी आणि पुढे अकस्मात नात्याची निघणारी माणसे यांना ओबडधोबड रचना म्हणून नाकारण्यात अर्थ नाही. नव्या शहराला साजेसे ते नवे रूप होते, असे विल्यम्स यांनी दाखविले.

‘द कंट्री अँड द सिटी’ हा १९७३ चा ग्रंथ त्यांच्या कार्याचा कळस मानला जातो. खेडे निर्मळ आणि शहर भ्रष्ट, ही कल्पना इंग्रजी साहित्यात शतकानुशतके चालत आलेली. प्रत्येक पिढीचा लेखक हळहळतो की, जुने सुखी खेडे नुकतेच, आपल्या बालपणी नाहीसे झाले. विल्यम्स एखाद्या सरकत्या जिन्यावरून मागे जावे तसे पिढ्यान्‌पिढ्या मागे गेले, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांना हीच हळहळ ऐकू आली. सुवर्णयुग कोठेच थांबेना. मग त्यांनी त्या प्रदेशातील भव्य वाड्यांकडे पाहावयास सांगितले. एक कुटुंब स्वतःच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या राबले तर किती बांधू शकेल, याचा अंदाज बाजूच्या साध्या शेतघरावरून येतो. तो वाडा त्याच मापाने मोजला, की तेथे किती जणांचे श्रम जिरले असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत कोणाची किती इस्टेट आणि वार्षिक उत्पन्न किती, याची चोख नोंद आहे. शेजार म्हणजे मात्र भेटीस जाण्याजोगी घराणी; मधल्या शेतांत राबणारी माणसे जणू नाहीतच. जॉर्ज एलियटच्या कादंबऱ्यांत ती माणसे येतात. परंतु लेखिकेची चिंतनशील भाषा आणि त्यांची बोली यांचे सूर जुळत नाहीत. हार्डीपाशी आल्यावर विल्यम्स यांची लेखणी अधिक उत्कट होते, आणि त्याचे कारण उघड आहे. गवंडीकाम करणाऱ्याच्या घरात जन्मलेला, शिक्षणाने आपल्या माणसांपासून दूर गेलेला आणि तरी मनाने त्यांच्यातून न सुटलेला हार्डी हा त्यांचाच पूर्वज होता. हार्डीला अडाणी खेडूत किंवा स्वयंशिक्षित म्हणून हिणविणाऱ्या समीक्षकांचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. इंग्लंडमधील बहुसंख्य जनतेला जे शिक्षण मिळाले, त्याहून हार्डीचे शिक्षण सरस होते. त्याला कमी लेखणारे विद्वान केवळ आपल्या शाळांचे माप लावीत होते.

हे दुहेरी दुःख त्यांनी स्वतःही कादंबरीतून मांडले. १९६० ची ‘बॉर्डर कंट्री’ ही पुनःपुन्हा लिहून काढलेली कादंबरी. तिचा नायक विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवतो आणि आजारी सिग्नलमन पित्याला भेटण्यास गावी येतो. वेल्समधील लोकसंख्येच्या स्थलांतराचे आकडे त्याच्यापाशी आहेत. परंतु आपण स्वतः गाव सोडले, त्याचा अर्थ त्या आकड्यांत सापडत नाही. खेड्यातून शहरात येऊन शाळेत किंवा कचेरीत स्थिरावलेल्या कोणत्याही पहिल्या पिढीच्या पदवीधराला या नायकाची कुचंबणा परकी वाटणार नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात नव्या सिद्धांतांचे वादळ केंब्रिजवर आले. १९८१ मध्ये संरचनावादाशी निगडित असलेल्या कॉलिन मॅककेब या तरुण अध्यापकाला कायम नेमणूक नाकारण्यात आली, तेव्हा ते प्रकरण वृत्तपत्रांपर्यंत गाजले. विल्यम्स स्वतः संरचनावादी नव्हते. इतिहास बाजूला सारून केवळ चिन्हांचा खेळ पाहणारी समीक्षा त्यांना मानवणारी नव्हती. तरीही ते मॅककेब यांच्या बाजूने उभे राहिले. ज्या विषयाच्या सीमा कधीकाळी कोणीतरी आखल्या, त्या पुन्हा तपासण्याचा अधिकार नाकारला गेला तर तो विषयच मरेल, अशी त्यांची भूमिका होती. मतभेद असलेल्या तरुणासाठी झीज सोसणारे ज्येष्ठ प्राध्यापक कोणत्याही विद्यापीठात विरळाच.

त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या आणि त्या झाकून ठेवण्यात हशील नाही. ‘कल्चर अँड सोसायटी’ जवळजवळ पावणेदोन शतकांच्या इंग्रजी विचारांचा आढावा घेते. परंतु ज्या साम्राज्याच्या संपत्तीवर तो समाज उभा होता, ते साम्राज्य त्यात जवळपास अनुपस्थित आहे. ‘द कंट्री अँड द सिटी’च्या अखेरच्या भागात ही उणीव काहीशी भरून निघते. ब्रिटनसाठी अवघ्या वसाहती म्हणजे दूरचे खेडेच झाले होते, हे तेथे त्यांनी सांगितले आणि आफ्रिकेतील चिनुआ अचेबे यांच्यासारख्या कादंबरीकारांकडेही ते वळले. पण हे सूत्र खऱ्या अर्थाने पुढे नेले ते इतरांनी. एडवर्ड सैद यांनी १९९३ च्या ‘कल्चर अँड इंपीरियलिझम’ या ग्रंथात विल्यम्स यांचे ऋण मान्य करूनच जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील वाड्याचा खर्च वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावरच्या मळ्यातून येतो, याकडे लक्ष वेधले. विल्यम्स यांनी वाड्याबाहेरच्या शेतापर्यंत रेघ ओढली. सैद यांनी ती समुद्रापार नेली. गौरी विश्वनाथन यांनी तर १९८९ मधील आपल्या ग्रंथात इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजविला गेला, हे कागदपत्रांच्या आधारे मांडले. केंब्रिजमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी-परीक्षा १९१७ साली मंजूर झाली; मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आहे. तेव्हा इंग्रजी कादंबरी आणि तिच्यामागची सत्ता यांचा संबंध हा प्रश्न महाराष्ट्रातील वर्गखोलीला दूरचा नाही.

दुसरी मर्यादा स्त्रियांविषयीची. १९४२ मध्ये त्यांचा विवाह जॉय डॅलिंग यांच्याशी झाला. त्यांच्या ग्रंथांसाठीच्या संशोधनात जॉय यांचा वाटा मोठा होता; परंतु मुखपृष्ठावर नाव एकट्याचेच राहिले. १९७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्यांच्या लेखनातील कुटुंब आणि स्त्री यांच्या स्थानाविषयी त्यांना थेट प्रश्न विचारले गेले. वाड्यामागचे हात मोजावयास शिकविणाऱ्या समीक्षकाच्या ग्रंथामागेही असे हात होते, हे त्यांच्याच पद्धतीने वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. पद्धत तिच्या कर्त्यालाही लागू पडते, यातच तिचे सामर्थ्य आहे.

निवृत्तीनंतर विल्यम्स आपल्या डोंगरांकडे वळले. त्या प्रदेशातील माणसांची प्राचीन काळापासूनची कथा सांगणारी मोठी कादंबरी त्यांनी हाती घेतली होती. ती अपुरीच राहिली आणि तिचे दोन भाग मृत्यूनंतर, जॉय यांच्या परिश्रमाने प्रसिद्ध झाले. जन्मगावापासून जवळच, सरहद्दीच्या इंग्लिश बाजूस क्लोडॉक येथे त्यांचे दफन झाले.

आज विल्यम्स यांचे नाव विद्यापीठीय प्रबंधांत आदराने घेतले जाते; परंतु त्यांच्या परिभाषेचा जप करणाऱ्यांच्या गर्दीत त्यांचा मूळ हेतू हरवण्याचा धोका आहे. आंतरविद्याशाखीय हे विशेषण लावून कठीण शब्दांची रास रचली, की अभ्यास खोल होतो असे नाही. सामान्य वाचकाला समजणार नाही अशा भाषेत सामान्य माणसाची बाजू मांडणे, हा तर उफराटा न्याय झाला. विल्यम्स यांचे स्वतःचे गद्यही काही वेळा बोजड होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांचा प्रश्न कधी बोजड नव्हता. या गोष्टीत कोण दिसते, कोण दिसत नाही आणि तसे का, एवढेच ते विचारीत. हा प्रश्न विचारण्यासाठी मोठे ग्रंथालय लागत नाही, परदेशी पदवीही लागत नाही. जिल्ह्याच्या गावातील कोणत्याही महाविद्यालयात, नेमलेली कादंबरी शिकविताना एखाद्या अध्यापकाने एक तास मार्गदर्शिका बाजूला ठेवावी आणि विद्यार्थ्यांना त्या कादंबरीतील स्वयंपाकघराचा, शेताचा आणि मिळकतीचा हिशेब मांडावयास सांगावे. ज्या विद्यार्थ्यांच्या घरात असा हिशेब रोज चालतो, त्यांना इंग्रजी कादंबरी प्रथमच आपली वाटू लागेल. आणि कदाचित मार्गदर्शिकेत नसलेले एखादे उत्तर त्यांच्याकडून अध्यापकालाही शिकावयास मिळेल.